तीनची बाजू

वरच्या मजल्यावरच्या डोन्या कासिल्दाने वाफेच्या नळावर चमचा आपटला आणि बेर्तोचा पाय चुकीच्या जागी पडला.

एवढेच झाले. तो शेगडीशी उभा होता. कापडी गाळणीतून कॉफी उतरत होती, शेजारी दूध तापत होते, खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची पातळ साय धरली होती. फेब्रुवारीत ऊब आली नाही की नळ ठोकायचा, ही ब्राँक्समधल्या इमारतींची रीत. तो आवाज नळाच्या अंगाने तळघरात जातो. तिथे बॉयलर सांभाळणारा झोपलेला असतो. तो उठतो किंवा उठत नाही. कासिल्दा नेहमी पाच ठोके मारते, तीन आणि दोन, तीन आणि दोन. आपण काही वाजवतो आहोत हे तिला ठाऊकही नाही. तिकडे बेटावर, पोन्सेत जन्मलेल्या बाईच्या हाताला दुसऱ्या रीतीने ठोकताच येत नाही, इतकेच. आणि गेली कित्येक वर्षे थंडीच्या सकाळी त्या ठोक्यांच्या खाली बेर्तोचा डावा पाय आपसूक चालत आला होता, जीभ दातांमागे आपली जागा धरून असते तसा. आज पाय पडला आणि ठोका तिथे नव्हता. ठोके तेच होते, त्यांच्यामधली अंतरे तीच होती. पण क्षणभर ते नुसते लोखंडावरचे आवाज झाले, कुणाचेच नसलेले. आणि पुन्हा जुळून आले ते उलटे जुळून आले. त्याने पाय उचलला आणि तो उचललेलाच ठेवला.

"बगळ्यासारखा काय उभा आहेस?" मिगदालिया अंगावर कोट ओढत आत आली. "आणि दूध बघ. बघ, बघ, गेलं."

दूध शेगडीवर उतू गेले होते. तिने भांडे उतरवले, वर छताकडे पाहिले. "मार, कासिल्दा, मार! चमचा वाकला की माझी कढई घे. त्या खालच्या कुंभकर्णाला काही लाज आहे का? तुला काय झालंय, बेर्तो?"

"काही नाही."

"काही नाही म्हणे. शनिवारपासून काही नाहीच चाललंय तुझं. आज रेकॉर्डिंग आहे ना? मग असं तोंड घेऊन जाऊ नकोस, टेपवर उमटेल."

तो हसला. तिने हसू बघितले आणि ते मोजून ठेवल्यासारखी पाठ वळवली. वर ठोके चालूच होते. आता त्याने पाय जमिनीला घट्ट टेकवून ठेवला होता, कारण टेकवलेला पाय चुकू शकत नाही.

पाच ठोके. तालाच्या फेरीच्या एका अर्ध्यात तीन, दुसऱ्या अर्ध्यात दोन. क्लावे म्हणतात त्याला, आणि बेर्तोच्या लोकांचे सबंध संगीत त्या पाचांच्या कण्यावर उभे असते. गाणे तीनच्या बाजूने उठते किंवा दोनच्या. एकदा उठले की शेवटपर्यंत बाजू बदलत नाही. पियानो, कर्णे, गाणाऱ्याची ओळ, नाचणाऱ्यांचे पाय, सगळे त्या बाजूला धरून चालतात. आणि मुरलेल्या बँडमध्ये तो क्लावे कुणी वाजवून दाखवत नाही. तो ज्याच्या त्याच्या आत चालू असतो, आणि सगळ्यांच्या आत एकच असतो. एखादा उलट्या बाजूला गेला तर तो आडवा गेला म्हणतात. बाकी हजार चुका हसण्यावारी जातात. हात घसरला, काठी उडाली, दारू जास्त झाली, सुरुवातच विसरली, त्याच्या गोष्टी होतात. आडव्या गेलेल्याची गोष्ट होत नाही. त्याला फक्त पुढच्या वेळी बोलावत नाहीत.

शनिवारी सदर्न बुलेव्हार्डवरच्या नाचघरात तो आडवा गेला होता. कदाचित. हे 'कदाचित' तो गेले काही दिवस उलटसुलट करून पाहत होता. त्याचा एकट्याचा तुकडा होता, कोंगांवर, म्हणजे उंच ढोलांच्या जोडीवर, बाकी सगळे मागे नुसता पाया धरून होते. तो तुकडा संपवून तो मूळ चालीत परतला आणि अगदी समोर नाचणारी एक बाई थांबली. चंदेरी बुटांची, जाडजूड, सुंदर नाचणारी बाई. तिचा एक पाय हवेत राहिला होता. तिने बँडकडे पाहिले नाही, जोडीदाराकडे पाहिले नाही; आपल्या बुटाकडे पाहिले, जणू बुटात काही गेले आहे. त्याच क्षणी बेर्तोला कळले, आणि पुढच्या क्षणी सगळे पुन्हा जुळले होते. पापणी लवावी इतकाच वेळ. त्याने सावरले होते. बाई पुन्हा नाचू लागली. मग त्याने मान वळवून पाहिले तर पियानोवरचा एडगार्डो पट्ट्यांकडे बघत होता, टिंबालवरचा, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या ढोलांवरचा, चागो छताकडे बघत होता, आणि कार्यक्रम संपल्यावर सामान बांधताना कुणीही त्याला काही बोलले नाही. ज्या बँडमध्ये पायमोज्याच्या भोकावरून आठवडाभर छळतात, त्या बँडमध्ये कुणीही काही बोलले नाही.

चागोची गाडी येईपर्यंत तो खाली दारापाशी थांबला. तिथल्या फरशीवर काळ्या, पांढऱ्या, करड्या तुकड्यांची ठोकळ्यांची नक्षी आहे. मुलगी लहान असताना तासन्‌तास तिथे उकिडवी बसायची. म्हणायची, आता ठोकळे वर आले, पापा, आता खड्डे झाले. तो म्हणायचा, मला वरच आलेले दिसतात. खोटे नव्हते ते. त्याला खरोखरच कधी खड्डे दिसले नव्हते. आज त्याने मुद्दाम खाली पाहिले नाही.

"चढ, कोंपाद्रे, चढ, हवा आत येतेय," चागो ओरडला. तो बेर्तोच्या मुलीचा धर्मपिता. तिचा बाप्तिस्मा झाला त्या दिवसापासून दोघे एकमेकांना कोंपाद्रे म्हणत, भांडतानासुद्धा. "मिगदालियाने काही दिलंय का खायला? की तुला बघूनच पोट भरायचं मी?"

"पास्तेलियो आहेत दोन."

"दोन? म्हणजे मला दोन. तू काय खाणार?" त्याने एका हाताने चाक धरले, दुसऱ्याने पुडा उघडला. "मांस कमी, पीठ जास्त. हे तिच्या आईकडून आलंय. त्या बाईने माझ्या लग्नातही असेच..."

तो बोलत राहिला. पुलावर वाहने अडकली होती, खाली नदीत बर्फाचे तुकडे एकमेकांना घासत होते. चागो सासूबद्दल बोलला, गुडघ्याबद्दल बोलला, सान हुआनला जाऊन आलेल्या भावाबद्दल बोलला, एडगार्डोच्या नव्या मिशीबद्दल बोलला. "झुरळ बसलंय ओठावर आणि त्याला कुणी सांगत नाही." बेर्तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबत होता. आता येईल. आता म्हणेल, आणि शनिवारी तू काय माती खाल्लीस रे? तो उत्तरही तयार ठेवून होता, एक नव्हे तीन, प्रत्येकात चागोच्या बायकोचा उद्धार होता. पण चागो शनिवारच्या आजूबाजूने जात राहिला, रस्त्यातल्या उघड्या गटाराला वळसा घालावा तसा, आणि वळसा घालताना गाडीचा वेग जराही कमी होऊ न देता. इतकी सफाई त्याच्या बोलण्यात कधी नव्हती. बेर्तोने खिडकीची काच खाली केली.

"मरायचंय का?" चागो म्हणाला.

"गुदमरतंय."

"मग सांगायचं तसं," चागो म्हणाला, आणि पुन्हा सासूवर घसरला.

त्याच बेटावरच्या गुआयामाहून आला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि आपल्याला वाजवता येते अशी त्याची समजूत होती. एकशेदहाव्या रस्त्यावरच्या एका गच्चीवर डॉन तिबुर्सिओ नावाचा मातान्सासचा क्युबन म्हातारा होता, दिवसा गाद्या शिवायचा, संध्याकाळी पोरांना शिकवायचा. शिकवायचा म्हणजे पहिला सबंध हिवाळा ढोलाला हात लावू दिला नाही. तेव्हा कातडी खिळ्यांनी ठोकलेली असत, थंडीत ढिली पडत; बेर्तोचे काम रॉकेलच्या स्टोव्हवर ती शेकायचे. किती शेकायची हे हाताच्या पाठीने ओळखायचे, तळव्याने नाही, तळवा खोटे सांगतो. आणि म्हाताऱ्याबरोबर चालायचे. बाजारात, लाँड्रीत, चर्चमध्ये मिसेला. चालता चालता, मासळीच्या भावाबद्दल बोलता बोलता तिबुर्सिओ मधेच एक टाळी वाजवायचा आणि विचारायचा, ही पाचातली कितवी? कारण पाच ठोके चालूच आहेत हे गृहीत होते. मासळीच्या भावातही, जिना चढतानाही. सुरुवातीला बेर्तो अंदाजाने सांगे आणि टपली खाई. वसंतात एक दिवस म्हाताऱ्याने टाळी वाजवली आणि याने प्रश्नाआधीच म्हटले, तिसरी. म्हाताऱ्याने काहीही न बोलता स्टोव्ह स्वतः पेटवला आणि कातडे स्वतः शेकून याच्यापुढे ठेवले. त्यानंतर ते कधी थांबले नाही. झोपेत असेल का, हे त्याला सांगता आले नसते. पण जागे झाल्यावर ते सुरू करावे लागत नसे, ते आधीच मधे कुठेतरी असायचे.

पुढचे सगळे त्यावर उभे राहिले. मोठी नाचघरे, उन्हाळ्यात डोंगरातली हॉटेले, पहिल्या लांब मोसमात रात्र-रात्र ढोल बडवून लघवीला झालेले तांबडे, जे सगळ्यांना होते आणि ज्याबद्दल कुणी बोलत नसे. बोटांना गुंडाळलेल्या चिकटपट्ट्या. मग शहराच्या दक्षिण टोकाची जॅझवाली मंडळी, आणि त्यांच्यातला वेंडेल ऑक्ली. फिलाडेल्फियाचा, उंच, हळू बोलणारा, सॅक्सोफोनमधून असे काही काढणारा की बेर्तोच्या मानेवर काटा येई. त्याच्यासारखा भला मालक पुन्हा भेटला नाही. पण वेंडेलच्या आत पाच ठोके नव्हते. असण्याचे कारणही नव्हते, तो वेगळ्या घरात वाढला होता. तो डोळे मिटून आपल्या तुकड्यात शिरायचा आणि बाहेर यायचा तो मनाला येईल त्या बाजूने, आणि दर दोन गाण्यांआड आडवा असायचा. पहिल्या आठवड्यातच बेर्तोने युक्ती शोधली. वेंडेल बाहेर येतोय असे दिसले की हातांची एक घाई करायची, ठोक्यांची एक सर, आणि त्या सरीच्या पडद्याआड पाच ठोक्यांचे एक अर्धे गिळून टाकायचे. सर ओसरली की आपण दुसऱ्या बाजूला, वेंडेलच्या बाजूला. शिवण दिसायची नाही. ऐकणाऱ्याला वाटे, काय उसळी होती. वेंडेलला तर कधीच कळले नाही. बेर्तोबरोबर कुणी चुकतच नाही, असे त्या लोकांत म्हणू लागले, आणि म्हणून त्याला बोलावू लागले. पॅरिस झाले, ओसाका झाले, रेकॉर्डच्या पाठीवर बारीक अक्षरांत त्याचे नाव येऊ लागले. स्टेजवर त्याला त्या माणसांबद्दल जे वाटे त्यात माया होती. पण मायेच्या तळाशी आणखी एक पदार्थ होता, थंड आणि जड, आणि त्याकडे तो पाहत नसे. ज्याला सावरतो त्याला आपण पुन्हा बरोबरीचा मानत नाही.

त्यातली पहिली रेकॉर्ड त्याने तिबुर्सिओकडे नेली होती. म्हाताऱ्याने ती पूर्ण ऐकली नाही. एका ठिकाणी सुई उचलली.

"इथे काय केलंस?"

"तो आडवा गेला होता, डॉन तिबुर्सिओ. मी सावरलं."

"तू फिरलास."

"कुणाला कळलं? कुणालाही नाही."

"मला कळलं. म्हणजे कुणालातरी कळलं." म्हाताऱ्याने सुई पुन्हा टेकवली नाही. बायकोला कॉफी टाकायला सांगितली, गुडघा चोळला, हवेबद्दल काहीतरी बोलला, आणि मधेच एक टाळी वाजवली. "कितवी?"

"चौथी," बेर्तोने ताबडतोब सांगितले.

म्हातारा त्याच्याकडे पाहत राहिला. "माझ्यात दुसरी होती," तो म्हणाला.

त्यावर काय करायचे? खोलीत तिसरे कुणी नव्हते, बायको स्वयंपाकघरात होती, ठोके कुठे ऐकूही येत नव्हते. दोन माणसे, दोघांच्या आत एकेक चाललेले, आणि कुणाचे खरे ते ठरवायला जगात कुठे मोजमाप नाही. म्हातारा थट्टा करत असेल. म्हातारा थकलाही असेल, त्याच वर्षी तो गेला. बेर्तो तेव्हा तिशीत होता आणि जिना उतरेपर्यंत त्याने ते मनातून काढूनही टाकले होते. आता गाडी पुलावरून उतरत असताना त्याला जाणवले की ते निघाले नव्हते. होकायंत्राजवळ वर्षानुवर्षे लोखंड ठेवत राहिले तर काटा मोडत नाही. तो तितक्याच ठामपणे उभा राहतो. फक्त दाखवतो ती दिशा उत्तर नसते. आणि काट्याला ते आतून कळायचा काही मार्ग नाही.

स्टुडिओ चौथ्या मजल्यावर होता, भिंतींना गालिचे ठोकलेले, बाहेरचा कुठलाही आवाज आत नाही. अशा खोलीत शिरले की बेर्तोला नेहमी बरे वाटे. आज कान भरून आल्यासारखे झाले. एडगार्डो मायसोनेट पियानोशी बसून पेन्सिल चावत होता. बँड त्याचा, वय बेर्तोच्या मुलीएवढे. "या, डॉन बेर्तो, उस्ताद," तो म्हणाला आणि उभा राहिला. उभा राहायची पद्धत नव्हती. बोंगोवाला टाटो चावीने आपल्या छोट्या जोडढोलांची कातडी ताणत होता; त्याने मान हलवली आणि पुन्हा चावीत डोके घातले. "मिशी कुणाची आणलीस?" चागो एडगार्डोला म्हणाला, आणि सगळे गरजेपेक्षा जास्त हसले.

गाणे नवे होते, बिनशब्दांचे, दोनच्या बाजूने उठणारे. मधे कर्णे थांबणार, पियानो एकच लहान ओळ फिरवत राहणार आणि तिच्यावर बेर्तोचा तुकडा. तुकडा संपवताना त्याने हाताने बोलावायचे आणि कर्ण्यांनी उडी घ्यायची. काचेपलीकडचा अमेरिकन तंत्रज्ञ अंगठा वर करून थांबला, लाल दिवा लागला. पहिला भाग सरळ गेला. इतका सरळ की बेर्तोच्या खांद्यांतले ओझे उतरले, तळव्यांत ऊब आली, कातडे आपणहून हात परत फेकू लागले. एवढेच होते, त्याला वाटले. एका म्हातारीचा चमचा. कर्णे थांबले आणि तो तुकड्यात शिरला. सुरुवात त्याने कमी बोलून केली, दोन शब्द, एक थांबा, पुन्हा दोन शब्द. मग उजव्या हाताला सैल सोडले आणि डाव्याने त्याच्याशी भांडण काढले. हे भांडण त्याला जन्मभर येत आले होते. मग नेहमीसारखी त्याने मधे एक फट ठेवली, श्वासापुरती. त्या फटीत त्याने पियानो ऐकला, आणि पियानो कुठल्याही बाजूचा नव्हता. ओळ तीच होती. तिच्यावर तीनची बाजू ठेवून पाहिली, बसली. दोनची ठेवून पाहिली, तीही बसली. दोन्ही सारख्याच घट्ट, सारख्याच खऱ्या, आणि एकीवरून दुसरीवर जायला काहीच करावे लागत नव्हते, नुसते पाहणे पुरे होते. थांबवायला मात्र काही करता येत नव्हते. हात वर होते. ते खाली आणायचे तर कुठल्या तरी बाजूला आणावे लागणार होते. सर घ्यावी, घाई करावी, शिवण झाकावी, हे हातांना सुचले. पण झाकून कुणाच्या बाजूला जायचे? त्याने हात वरच ठेवले. पियानोची ओळ एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली. बरगड्यांखाली काहीतरी आपटत होते आणि त्या आपटण्यालाही बाजू नव्हती.

तेव्हा डावीकडून, टिंबालच्या पितळी कडेवर, हलके आणि अगदी स्वच्छ, कुणीतरी पाच ठोके मारले. दोन. तीन.

बेर्तोचे हात खाली आले. पुढचे हातांनी केले. बोलावणे गेले, कर्ण्यांनी उडी घेतली, गाणे शेवटाला पोचले आणि लाल दिवा विझला. कान इतके तापले होते की खोलीचा थंडपणा कानांनाच लागत होता. मुरलेल्या बँडमध्ये क्लावे उघडा वाजवला होता, त्याच्यासाठी; मोठ्या माणसाचे बोट धरून रस्ता ओलांडून द्यावा तसा.

काचेपलीकडून तंत्रज्ञ ओरडला, "ती मधली शांतता! बाप रे! माझा श्वास अडकला होता. हाच ठेवा, दुसरा घेऊच नका."

"सुरेख झालं," एडगार्डो म्हणाला. "हाच ठेवू, डॉन बेर्तो. मला तर काही खटकलं नाही. कुणाला खटकलं?"

कुणालाच खटकले नव्हते. टाटो चावी फिरवत होता, ताणलेलेच कातडे ताणत होता. कर्णेवाल्यांनी कर्ण्यांतले पाणी झटकायला घेतले. चागो कपाळ पुसत होता आणि कपाळ कोरडे होते. सगळ्यांचे चेहरे मऊ होते. बेर्तोने तो मऊपणा ओळखला. आरशात दिसणार नाही इतक्या आतून तो त्याला ओळखीचा होता. कितीतरी रात्री स्टेजवर वेंडेलच्या पाठीकडे पाहताना त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर तो असायचा.

"चागो," तो म्हणाला, "कडेवर का वाजवलंस?"

"कुठे?"

"टिंबालच्या कडेवर. उघडे पाच."

"हात रिकामा होता. खाज सुटली."

"इतक्या वर्षांत नाही सुटली ती."

"म्हातारपणी सुटते. तुला पुढे कळेल."

"डॉन बेर्तो," एडगार्डो मधे पडला, "कानाला छान लागलं ते. मुद्दाम केल्यासारखं. रेकॉर्डवर कुणालाही कळणार नाही."

"तू थांब, पोरा. मी माझ्या कोंपाद्रेशी बोलतोय." तो अजून ढोलांमागे बसूनच होता, हात मांड्यांवर. "आडवं कोण गेलं?"

चागोने खोलीभर पाहिले. कुणी मदतीला आले नाही. "आत्ता कुणीच नाही," तो म्हणाला. "आत्ता तू नुसता पुतळा झालास."

"आणि शनिवारी?"

"शनिवारचं जाऊ दे."

"शनिवारी मी गेलो, आणि लगेच सावरलं. पापणी लवेपर्यंत. सावरलं ना?"

आता टाटोची चावीसुद्धा थांबली. चागोने काठ्या टिंबालवर ठेवल्या, एकीशेजारी एक, फार काळजीपूर्वक.

"नाही," तो म्हणाला. "तू नाही सावरलंस. एडगार्डोने डोक्याने खूण केली आणि आम्ही फिरलो. सगळे. अकरा माणसं. त्या चंदेरी बुटांच्या बाईचा पाय मोडला असता आमच्यापायी." आणि एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता आले नाही, तो उभाच राहिला. "खिळे पडले म्हणून गाडी फिरवतात, तुझ्यासाठी आम्ही अख्खा रस्ता फिरवला, बैला! आंधळं खेचर चर्चमध्ये शिरावं तसा शिरलास तू त्या सुरावटीत, आणि वर ऐटीत मान काय वळवतोस! मी छताकडे बघत होतो कारण तुझ्याकडे बघितलं असतं तर काठी फेकून मारली असती. गाडीत सगळा वेळ माझ्या सासूबद्दल बोललो मी, सासूबद्दल! तुझ्यापायी!"

कर्णेवाल्यांतला कुणीतरी फुटला. मग टाटो. मग बेर्तोच्याही छातीतून एक आवाज निघाला, तो हसण्याचाच होता. गोठलेली बोटे कोमट पाण्यात घातली की आधी कळ येते, आणि कळेवरून कळते की बोटे आपली आहेत. चंदेरी बूट त्यालाही दिसला, हवेत थांबलेला. त्या बाईला बरोबर कळले होते. तिच्या पायाखालून अकरा माणसांनी जमीन काढून दुसरी घातली होती, आणि ज्याच्यासाठी घातली त्याला ती आपलीच करामत वाटली होती. म्हणजे वेंडेलला काय वाटत असेल हे आता त्याला ठाऊक झाले. वेंडेलला छान वाटत असेल.

"टेप पुसा ती," बेर्तो म्हणाला.

"डॉन बेर्तो, ती उत्तम..."

"पुसा. टाटो, इकडे ये. इथे बस."

टाटो जागचा हलला नाही. "मी? तुमच्या ढोलांवर?"

"ढोल कुणाचे नसतात. उंच वाटले तर खुर्ची बदल. तुकडाही तूच घे, तुला येतो, रोज मी नसताना वाजवून बघतोस ते माहीत आहे मला." तो उठला. ढोलांच्या मागून बाहेर यायला जागा अरुंद होती आणि दोन्ही हातांनी त्याला ते बाजूला सारावे लागले. कातडी अजून त्याच्याच हातांनी गरम होती. "टिपऱ्या कुठे आहेत?"

"टिपऱ्या?" एडगार्डोने विचारले. क्लावेच्या लाकडी टिपऱ्या गाणाऱ्याला देतात, नवशिक्याला देतात, हात रिकामे दिसू नयेत म्हणून देतात. "आपण उघडा क्लावे कधी ठेवत नाही. लोक म्हणतील, मायसोनेटच्या बँडला आता मोजून द्यावं लागतं."

"म्हणू देत. नाहीतर तुम्ही माझ्यासाठी फिरत राहाल. परवा अकराजण फिरलात, कुणाला काही झालं नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा फिराल. सवय होते, एडगार्डो. मी केलंय ते काम. फार चांगलं केलंय." त्याने हात पुढे केला. "टिपऱ्या दे."

टिपऱ्या पियानोच्या बाकाखालच्या खोक्यात निघाल्या, खुळखुळ्यांच्या आणि जुन्या तारांच्या खाली. एक खाली धरायची, तळव्याची पोकळी करून, म्हणजे लाकूड बोलते, दुसरीने मारायचे. गुआयामातले शेंबडे पोरही हे करते. बेर्तो खोलीच्या मधोमध उभा राहिला, मायक्रोफोन त्याच्या छातीपर्यंत खाली आणला गेला. छप्पन्न वर्षांच्या माणसाला पुढे काही न ठेवता उभे राहायची सवय नव्हती. पोट उघडे पडल्यासारखे वाटत होते.

"आणि मधेच फिरलास तर?" चागोने विचारले. थट्टेने नाही.

"तर थांबवायचं. तिथल्या तिथे, टेप चालू असताना."

"शिवी देऊन?"

"शिवी देऊन."

"तेवढं जमेल," चागो म्हणाला आणि काठ्या उचलल्या.

टाटो ढोलांमागे बसला होता, खुर्ची दोनदा पुढेमागे करून. एडगार्डोचे हात पट्ट्यांवर होते. काचेपलीकडे तंत्रज्ञाने खांदे उडवले, फीत मागे गेली, थांबली, लाल दिवा लागला. आता कुणी मोजून देणार नव्हते, हातही हलवणार नव्हते. सगळे बेर्तोच्या उजव्या मनगटाकडे पाहत होते. तो ज्या बाजूने सुरू करेल ती बाजू, बाकीच्यांनी तिला धरून यायचे. बेर्तोने आत कान लावला. आत काही चालू नव्हते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिथे नुसती शांतता होती, आणि तिला धरून राहण्यासारखे काहीही नव्हते. गाणे दोनच्या बाजूचे. त्याने टिपरी उचलली आणि मारली. लाकूड स्वच्छ बोलले. पहिला ठोका आडवा जाऊ शकत नाही. त्याच्या आधी काही नसते. चूक दुसऱ्यापासून शक्य होते.

त्याने दुसरा मारला.